माघार घेण्याचे धैर्य

अमेरिकेच्या युटा राज्यात, वाळवंटी प्रदेशात झायन राष्ट्रीय उद्यान आहे. जुलै १९९३ मध्ये तेथील कोलोब घळीत एका चर्चचा किशोरवयीन मुलांचा गट पाठीवर सामान घेऊन उतरला. पाण्याचा जोर अपेक्षेपेक्षा अधिक होता. दोन प्रौढ मार्गदर्शक बुडून मरण पावले. उरलेले सोबती काही दिवस घळीतच अडकून पडले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले.

अशी दुर्घटना घडली की समाजात दोन सूर उमटतात. एक म्हणतो, मुलांना असल्या जागी पाठवूच नका. दुसरा म्हणतो, साहस म्हटले की जीवावर बेतणारच! पहिला सूर भित्रा, दुसरा बेजबाबदार. दोघांनाही विचार करण्याचे कष्ट नको आहेत.

वाळवंटातील घळ म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. ते सारे अरुंद फटीत धावते. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातील अँटिलोप घळीत ११ पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. तो पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्याच कीहोल घळीत सात प्रौढांचा अंत झाला. पुराची शक्यता त्या दिवशी वर्तवलेली होती. शिवाय दोरावरून उतरून दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट बंद होते. म्हणजे माघारीचा निर्णय घ्यायचा तो पहिल्या कड्यावरच!

तेथे परवाना लागतो, गटात बाराहून अधिक माणसे चालत नाहीत, उन्हाळ्यात दिवसाला माणशी चार लिटर पाणी लागते. या नियमांना जाच समजणारा नेता मुलांना कोणते संस्कार देणार? पाणी पुरवून पिणे, मागे पडलेल्यासाठी थांबणे, आपला कचरा आपण परत आणणे, हे धडे वातानुकूलित खोलीत मिळत नाहीत. म्हणून बंदी हा उपाय नव्हे. मोबाइलच्या पडद्याला चिकटलेल्या पिढीला दऱ्याखोऱ्यांची गरज अधिकच आहे.

हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील साम्रदची सांदण दरी अशीच अरुंद आहे आणि पावसाळ्यात तीही पाण्याने भरते. मुलाला पाठवण्यापूर्वी पालक शुल्क विचारतात, जेवण विचारतात. आकाश भरून आले तर परत फिरण्याचा अधिकार कोणाला आणि तो वापरण्याची हिंमत कोणात, हे किती जण विचारतात?

गडाच्या पायथ्याशी येऊन परतणारा नेता उपहासाचा धनी होतो. वस्तुतः मुलांना सुखरूप घरी आणणारा तोच खरा धैर्यवान. हे ज्या समाजाला उमगत नाही, त्याने अपघातानंतर अश्रू ढाळण्याला अर्थ उरत नाही.