मोडेम नवा, दार जुने

इंदापूरच्या एका भगिनीने विचारले आहे : घरी फायबर घेतले, १५० एमबीपीएसचे पैसे भरतो, पण मुलाच्या संगणकावर आकडा ९४ च्या पुढे जात नाही. कंपनीवाले म्हणतात लाईन ठीक आहे. मग राउटर नवा घ्यावा काय?

थांबा ताई, इतक्यात खर्च करू नका. हाच घोटाळा मी १९९९ साली पैसे मोजून शिकलो आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळी ते टेलिफोनच्या तारेवरून, मोडेम लावून घ्यावे लागे. मी पुण्याच्या एका ऑफिसने मोडीत काढलेला ४८६ संगणक हप्त्याने घेतला होता. मुलगा बारामतीला डिप्लोमाला. त्याच्या हट्टापायी १४.४ चा जुना मोडेम काढून ५६ के चा आणला आणि झाले उलटेच! जुना मोडेम हळूहळू का होईना, फाईल पुरी उतरवी. नव्यावर ती अर्ध्यातच तुटे. फोनचे बिल मात्र चढत राहिले. ‘तूच काहीतरी बिघडवलेस,’ म्हणून मी मुलाला नाही नाही ते बोललो. दुकानदाराने मोडेम बदलून दिला, तरी तेच.

शेवटी बारामतीचा एक जाणता कारागीर घरी आला. त्याने मोडेमला हातही लावला नाही. आधी आतल्या खोलीतला जोडफोन काढायला लावला. कारण कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटते. मग डॉसमधला एमएसडी हा प्रोग्राम चालवला. सिरियल पोर्टपुढे आकडा आला ८२५०.

मोडेमकडून आलेले अक्षर ही चिप घेते आणि प्रोसेसरला हाक मारते. ८२५० जवळ जागा एकाच अक्षराची. प्रोसेसर डिस्कवर लिहिण्यात गुंतला आणि तेवढ्यात दुसरे अक्षर आले, की पहिले गेलेच. १,१५,२०० च्या वेगाला सेकंदात ११,५२० अक्षरे येतात. कारखान्याच्या गव्हाणीपुढे एकच गाडी उभी राहण्याची जागा असावी आणि मागून ट्रॅक्टरांची रीघ लागावी, तशी गत. १६५५०ए या चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग मावते.

कारागिराने पोर्टचा वेग १९,२०० वर उतरवला. फाईल त्याच रात्री पुरी आली! पुढे १६५५०ए चे कार्ड बसवले, तेव्हा वेगही वाढला. ५६ मात्र कधी दिसले नाही. तो आकडा फक्त येणाऱ्या बाजूचा, तोही पलीकडची बाजू पूर्ण डिजिटल आणि आपली तार स्वच्छ असेल तरच. खोक्यावर हे कोण ठळक छापतो? मुलाची माफी मी मागितली, पण फार उशिरा.

तर ताई, तुमचा ९४ हा आकडाच बोलका आहे. शंभराच्या दारातून साधारण एवढेच बाहेर पडते. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तेथे १०० दिसले, तर आधी केबल बदला. १००० साठी तिच्या आतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली तरी इंटरनेट चालते, फक्त हळू. नव्या केबलनेही १००च राहिले, तर संगणकाचे पोर्ट आणि राउटरचे पोर्ट, दोन्ही तपासून पाहा आणि जे शंभराचे निघेल तेवढेच बदला. केबल शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणली तरी चालेल.