वाटेत हवा गेली तर

जूनमध्ये शाळा उघडल्या की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर सकाळी सायकली दिसू लागतात. वस्तीवरून गावच्या हायस्कूलपर्यंत तीन-चार किलोमीटर, कधी त्याहून जास्त. त्यात मुली बऱ्याच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत घर असावं, अशी त्याची अट. जिला तिथून मिळत नाही, तिला अब्बा जुनी सायकल रंगवून आणून देतात. सायकल येते. पंप मात्र क्वचितच येतो.

बिहारमध्ये 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणं सुरू झालं. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. चाकाचा असा उपयोग आहे. पण तेच चाक बसलं की काय होतं, ते आपल्याकडे पाहा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांत आपली घरंही आहेत. मुलगी दादीजवळ राहते. सायकल पंक्चर झाली तर तालुक्याला नेणार कोण? दोन दिवस शाळा बुडते, मग आठवडा बुडतो, आणि फोनवर अम्मी म्हणते, "मग इकडेच ये, धाकट्याला तरी सांभाळशील." कारण म्हणाल तर एक काटा.

पूर्वी प्रत्येक बाजारगावात सायकलीचं दुकान असे, आणि ते बहुतेकदा आपल्याच कुणा चाचांचं असे. आता ती दुकानं मोटारसायकलीकडे वळली. धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत पंक्चरवाले भेटतील, पण त्यांच्या कॉम्प्रेसरचं तोंड आपल्या साध्या सायकलीच्या वाल्वला बसत नाही. त्यासाठी एक छोटी पितळी टोपी लागते. काही रुपयांची असते, ती दप्तरात ठेवावी. आणि त्यांना सांगावं, "चाचा, थोडी थोडी भरा." ट्रकच्या जोराने हवा मारली तर ट्यूब फाटते.

हवा गेली म्हणजे पंक्चरच, असं नाही. आधी वाल्वच्या तोंडाला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर दोष वाल्वचा. आपल्या सायकलींच्या वाल्वच्या आत एक बारीक रबरी नळी असते, दुकानदार तिला वालट्यूब म्हणतात. उन्हाने ती चिरते. जुनी काढून नवीन चढवायला दोन मिनिटं लागतात. बोटभर लांबीचे चार तुकडे कंपासपेटीत पडून राहिले तरी जागा अडत नाही. ही एवढी गोष्ट मुलींना कुणी सांगत नाही, आणि बिचाऱ्या चांगली ट्यूब घेऊन मैलभर चालतात.

खरं पंक्चर आपल्याकडे बाभळीचं, त्यातही वेड्या बाभळीचं. टायरमध्ये काटा दिसला आणि हवा अजून टिकून असेल, तर तो लगेच उपटू नका. त्यानेच भोक बुजलेलं असतं. हळूहळू दुकान किंवा घर गाठा. हवा गेलीच असेल तर ट्यूब काढायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका, दुसरं भोक पडेल. दोन स्टीलच्या चमच्यांच्या दांड्या पुरतात. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून शेतातल्या हौदात बुडवली की भोक कळतं. जागा पुसून कोरडी करा, काचकागदाने घासा, सोल्युशन लावा आणि थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ दाबा. घाई केली की ते उपटतं. टायर चढवण्याआधी आतून बोट जपून फिरवा. मोडलेलं टोक आत राहिलं तर शंभर पावलांवर पुन्हा तेच.

जवळ काहीच नसेल तर? ट्यूब काढून टायरमध्ये उसाचं वाळलेलं पाचट किंवा गवत ठासून भरा, अगदी गच्च. सपाट रस्त्यावर हळू चालवत घर गाठता येतं. नुसत्या बसलेल्या चाकावर मात्र बसू नका. टायर, ट्यूब आणि रिम, तिन्हींचा खर्च येतो.

चेन पडली तर आधी मागच्या दातेरी चाकावर चढवायची, मग पुढच्या, आणि पायडल हाताने सावकाश फिरवायचं. पुन्हा पुन्हा पडत असेल तर मागचं चाक पुढे सरकलंय. दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढा, सरळ धरा आणि आवळा. चेनकव्हर खडखडतं म्हणून काढून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. ओढणी, बुरख्याचा घेर त्यानेच वाचतो. कपडा अडकलाच तर ओढू नये. उतरून पायडल उलटं फिरवलं की सुटतो.

ब्रेकचं मात्र वाटेत जुगाड नाही. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट उतरायचा आहे आणि ब्रेक नीट धरत नाही, तर उतरून चालावं. पावसात रिम ओली असते तेव्हाही.

मुलगी एकटी असेल तर कुठे थांबायचं, हे आधीच ठरवलेलं असावं: रस्त्यावरचं कोणतं दुकान, कोणती शेतवस्ती, कुठल्या गावची मशीद. अब्बांनी किंवा भाईजानने एकदा तिच्यासोबत त्या रस्त्याने जाऊन तिथल्या माणसांना सलाम करून यावं. मगरिबनंतर रस्त्यावर ओळखीचा दिवा दिसणं मोठा आधार असतो. मुसाफिराचा हक्क आपल्या दीनमध्ये इतका मोठा आहे, की जकातीच्या आठ वाट्यांपैकी एक त्याचा. घरी तो श्रीमंत का असेना, वाटेत अडकला तर घरी पोहोचण्यापुरतं त्याला घेता येतं. ज्यांचं घर रस्त्याकडेला आहे त्यांनी एक पंप दाराशी टांगून ठेवला तर काय बिघडेल? आणि कुंपणाला बाभूळ तोडताना रस्त्यावर पडलेल्या फांद्या उचलाव्यात. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं ही इमानची एक शाखा असल्याचं आपण हदीसमध्ये वाचतोच.

पिशवीत काय असावं: छोटा पंप, वालट्यूब, ठिगळं, सोल्युशन, काचकागदाचा तुकडा, दोन चमचे, पितळी टोपी आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना. पाना दुकानातच नटाला लावून बघून घ्या, पुढच्या-मागच्या चाकाचे नट कधी वेगळे असतात. सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, तेव्हा दिवाळीला नवी घ्या.

येत्या रविवारी मुलीला अंगणात बसवा, मुलालाही. मागचं चाक सोडून परत बसवायला लावा. पहिल्यांदा तासभर जाईल, हात काळे होतील. मध्ये मदतीला धावू नका, फक्त नट हरवू नयेत म्हणून एक ताटली द्या.