कल्याण-डोंबिवली : इतिहास, अर्थव्यवस्था आणि वाहतूक

कल्याण-डोंबिवली हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले जोडशहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. कल्याण हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन असून ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटरवर आहे. येथील नोकरदारांचा मोठा वर्ग रोज उपनगरी रेल्वेने शहराबाहेर कामाला जातो. शहरापुढील बहुतेक चालू प्रश्नांचे मूळ या वस्तुस्थितीत सापडते.

इतिहास

कल्याण हे प्राचीन बंदर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. त्या काळी राजकीय संघर्षामुळे या बंदराचा व्यापार रोखण्यात आला होता आणि चुकून येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात नमूद आहे. कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांची नोंद आढळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली व खाडीकाठी आरमाराची उभारणी सुरू केली. दुर्गाडी किल्ला त्याची साक्ष देतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत आला. पुढे बोरघाट (१८६३) व थळघाट (१८६५) ओलांडले गेल्यावर पुण्याकडील आणि नाशिककडील मार्ग कल्याणलाच फुटू लागले. बंदराचे महत्त्व सरले, जंक्शनचे वाढले. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाल्याने मुंबईचे अंतर आणखी घटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरगाव-दादरच्या चाळींतील मराठी मध्यमवर्ग परवडणाऱ्या घरासाठी डोंबिवलीत आला. १९८३ साली दोन्ही शहरे एका महानगरपालिकेखाली आली. योगायोगाने त्याच वर्षी उत्तर फ्रान्समधील लील या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरात चालकविरहित मेट्रो सुरू झाली.

अर्थव्यवस्था

शहरातील रोजगार लोकसंख्येच्या मानाने तोकडा आहे. मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. मात्र वसाहतीभोवती नागरी वस्ती येऊन भिडली आहे. मे २०१६ आणि मे २०२४ मधील स्फोटांत अनेकांचे प्राण गेल्यानंतर धोकादायक कारखाने हलविण्याची मागणी तीव्र झाली. ती रास्त असली, तरी हललेल्या कारखान्यांची जागा कोणता रोजगार घेणार याची चर्चा तुलनेने कमी होते. तो न मिळाल्यास आणखी काही हजारांची भर सकाळच्या गर्दीत पडेल.

वाहतूक

९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर विरुद्ध दिशांच्या दोन लोकल एकमेकींजवळून जात असता दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. दरवाजा बंद झाल्याने पडणे थांबेल; डब्यातली जागा वाढणार नाही. गाडीबाहेर राहिलेली गर्दी फलाटावर साचेल व तिच्यासाठी फेऱ्याच वाढवाव्या लागतील.

ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून काही अंशी वेगळ्या झाल्या. परंतु कुर्ल्याच्या पुढे ही सोय अपुरीच आहे. २०१२ पासून कल्याणहून १५ डब्यांच्या काही लोकल धावतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे झाले. हा मार्ग सुमारे २५ किलोमीटरचा आहे.

रस्त्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा पूल २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात लगतच्या एकाच पुलावर दोन्ही दिशांचा भार होता. डोंबिवलीचा मोठागाव-माणकोली पूल झाल्यावर ठाण्याकडे जाण्यास खाडीवरून जवळचा रस्ता मिळाला.

कळवा-ऐरोली जोडमार्गाचे महत्त्व निराळे आहे. कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्याला आज ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते. हा मार्ग झाल्यास ते टळेल आणि ठाण्याच्या जिन्यांवरचा भार उतरेल. त्यावरील दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. कळव्याकडील जोडणीचे काम मात्र तेथील झोपडीधारकांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नामुळे रखडले.