घंटागाडी येण्यापूर्वीचा कचरा

नायगाव पूर्वेचे जूचंद्र हे रांगोळीचे गाव म्हणून ओळखले जाते. रांगोळी काढण्याआधी जमीन झाडून स्वच्छ करावी लागते, हे या गावाला कुणी शिकवायला नको. तरीही वसई-विरार पट्ट्यातल्या इतर गावांप्रमाणे इथेही नाल्याच्या काठाला आणि मोकळ्या जागेत पिशव्या, पुड्या, बाटल्या साचतात. त्याचे खापर बहुतेक वेळा ‘लोकांना सवयच नाही’ या एका वाक्यावर फुटते. सवयीचा दोष आहेच. पण ज्या गावात अंगण रोज झाडले जाते तिथेही कचरा वाढतो, तेव्हा कारण आणखी कुठेतरी शोधायला हवे.

जूचंद्रचे जुने जगणे शेती, मिठागरे आणि खाडीवरचे. भाताचा पेंढा गुरांना, शेण आणि राख उकिरड्यात, माशांचे काटेकुटेही तिथेच. पावसाआधी तो उकिरडा शेतात पसरला जाई. काचेची बाटली आणि पत्र्याचा डबा भंगारवाला विकत घेई. उकिरडा ही घाणीची जागा नव्हती, ती खताची सोय होती. आज गुरे गेली, शेते कमी झाली आणि त्यांच्या जागी चाळी व इमारती उभ्या राहिल्या. चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाख 22 हजार होती. त्यानंतर ती बरीच वाढली आहे. दर माणशी रोज अर्धा किलो कचरा धरला, तरी 2011 च्या लोकसंख्येलाच तो दिवसाला 600 टनांच्या घरात जातो.

ही गोष्ट एकट्या वसईची नाही. जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालानुसार 2016 मध्ये जगात 201 कोटी टन नागरी घनकचरा निर्माण झाला आणि 2050 पर्यंत तो 340 कोटी टनांवर जाईल. त्या अहवालानुसार श्रीमंत देशांत जगाची 16 टक्के लोकसंख्या होती आणि त्यांचा कचरा 34 टक्के. म्हणजे गरीब माणूस जास्त कचरा करतो, हा समज चुकीचा आहे. पुढची वाढ मात्र आपल्यासारख्या देशांत वेगाने होणार आहे. उत्पन्न वाढते, माणसे शहरात येतात आणि प्रत्येक वस्तू वेष्टनात मिळू लागते.

वेष्टनाचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. ज्याच्या हातात रोजची मजुरी पडते तो महिन्याचे सामान एकदम भरू शकत नाही. त्याच्यासाठी शाम्पू, कॉफी, मसाला, बिस्किटे सगळे दोन-पाच रुपयांच्या पुडीत येते. ही पुडी प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांची असते. हे थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. पूर्वी वाणी कागदाच्या पुडीत साखर बांधून देई आणि तेलाला बरणी घरून न्यावी लागे. आता विकणारा नफा घेऊन मोकळा होतो आणि पुडी नाल्याच्या वाट्याला येते.

दुसरे कारण पाणी. नळाला पुरेसे आणि भरवशाचे पाणी नसेल तर बाटल्या येतात, जार येतात, घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात. तिसरे कारण वेळ आणि जागा. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या घरात घंटागाडी आली तेव्हा कुणीच नसते. दहा बाय दहाच्या खोलीत तीन डबे ठेवायचे कुठे, हा प्रश्नही खराच आहे. मग पिशवीला गाठ मारली जाते आणि स्टेशनकडे जाताना ती कोपऱ्यावर पडते. याला नुसता आळस म्हणून चालणार नाही.

याची किंमत दवाखान्यात दिसते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला मोठे डबके लागत नाही. करवंटी, टायर, उघड्या डब्याचे झाकण, प्लास्टिकचा पेला एवढे पाणी त्याला पुरते आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी कोरड्या जागीही काही महिने टिकून पहिल्या पावसाची वाट पाहतात. उघड्या ओल्या कचऱ्यावर उंदीर वाढतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस तुंबलेल्या पाण्यात उतरतो. पिशव्यांनी गटार अडले की ते पाणी अधिक वेळ तुंबते. जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती. कचरा उचलला गेला नाही की तो पेटवला जातो. त्या धुरातले सूक्ष्म कण दमेकऱ्याच्या आणि लहान मुलांच्या फुप्फुसात खोलवर जातात, तर क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी रसायने तयार होतात. मधुमेही आता घरोघरी आहेत आणि त्यांच्या इन्सुलिनच्या सुया साध्या पिशवीतून जातात. त्या ज्याच्या हाताला टोचतात, त्या सफाई कामगाराचा या आजाराशी काही संबंध नसतो.

या सगळ्यावर आपले उत्तर ठरलेले आहे: गाड्या वाढवा, कचरा दूर नेऊन टाका. वसई-विरारचा कचरा गोखिवऱ्याच्या क्षेपणभूमीवर जातो आणि तिथल्या आगीच्या बातम्या वसईकरांना नव्या नाहीत. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो आणि ढीग आतून धुमसतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. कमी उत्पन्नाच्या देशांत पालिकांच्या खर्चाचा सरासरी पाचवा हिस्सा कचऱ्यावर जातो आणि तरीही 90 टक्क्यांहून अधिक कचरा उघड्यावर पडतो किंवा जळतो. ताप उतरवण्याचे औषध रोज द्यायचे आणि संसर्ग तसाच ठेवायचा, असा हा उपचार आहे.

वेगळा मार्ग आपल्याच राज्यात सापडतो. सुमारे 12 हजार वस्तीच्या वेंगुर्ले नगरपरिषदेने घरापासून वर्गीकरण सुरू केले, ओल्या कचऱ्यातून बायोगॅस काढला आणि जिथे कचरा टाकला जाई ती जागा लोक पाहायला येतील अशी केली. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’तून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिचे सदस्य दारोदार कचरा घेतात, घरटी शुल्क मिळवतात आणि सुका माल विकून कमावतात. वेंगुर्ले लहान आहे, पुणे मोठे. दोन्हीकडे कचरा उगमापाशी वेगळा झाला आणि तो हाताळणाऱ्याला त्यातून मोल मिळाले, एवढे समान आहे.

वसई-विरारमध्येही सुरुवात ओल्या कचऱ्यापासून व्हावी, कारण आपल्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा त्याचाच असतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे निर्माते ठरवले. चार माणसांच्या पन्नास घरांची सोसायटी या मर्यादेच्या जवळ जाते. नव्या इमारतीला परवानगी देतानाच खतनिर्मितीची जागा मागितली, तर गोखिवऱ्याच्या फेऱ्या कमी होतील. जूचंद्रसारख्या गावांत अजून थोडी झाडे, वाड्या आणि मोकळी जमीन आहे. तिथे सामुदायिक खतखड्डा शक्य आहे, म्हणजे जुना उकिरडाच, पण झाकलेला आणि देखरेखीखालचा. घंटागाडीची एक फेरी कामावरून परतणाऱ्यांच्या वेळेला हवी. पुड्यांची जबाबदारी त्या विकणाऱ्या कंपन्यांवर आहे, हे तत्त्व नियमांत आहे. त्याची वसुली व्हायला हवी. आणि नळाला पाणी देणे हेही कचरा कमी करण्याचेच काम आहे.

नागरिकांनी करण्याचे काम लहान पण नेमके आहे. ओले वेगळे ठेवावे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून खूण करून द्यावेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवाव्यात. आठवड्यातून एकदा घराभोवतीचे साचलेले पाणी ओतून द्यावे. आणि नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा ‘गाडी रोज येते का’ याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: प्रभागातला किती कचरा प्रभागातच जिरतो? या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, की कारभाराची दिशाही बदलू लागेल.