अडगळीतले पक्षी, खाडीतले पक्षी

मुलांनो, सायकलची जुनी सीट आणि हँडल यांचं काय करता येईल? भंगारवाल्याला देऊन टाकायचं, असंच म्हणाल ना? पाब्लो पिकासोनं १९४२ मध्ये पॅरिसला या दोन वस्तू एकमेकींना जोडल्या आणि झालं बैलाचं डोकं! सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. गंमत म्हणजे बैल दिसतो, तरी सीट काही लपत नाही. एकाच वस्तूत दोन वस्तू दिसतात, हीच या कलेतली खरी जादू.

आपल्या सुबोध गुप्तांनी तर स्वयंपाकघरच निवडलं. २००६ मध्ये त्यांनी स्टीलच्या भांड्यांची एक प्रचंड कवटी केली. नावाचा अर्थ, 'फार भुकेला देव'! घरात भांडी पाहिली की जेवण आठवतं. इथे तीच रिकामी भांडी पाहून भूक आठवते.

आता बेलापूरकडे वळू. सीबीडी बेलापूरला नवी मुंबई महापालिकेचं मुख्यालय आहे. या महापालिकेनं शहरात भंगारातून शिल्पं करवून घेतली. त्यांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगोही आहेत. रोहितच का बरं? तर हे पाहुणे दरवर्षी ठाण्याच्या खाडीत येतात आणि चिखलातलं शेवाळ वगैरे खातात. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेला, की ते जवळच्या उथळ तळ्यांवर उतरतात.

नेरूळचं डीपीएस तळं त्यांपैकीच एक. तिथे भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, तळं आटलं आणि २०२४ मध्ये त्या परिसरात अनेक रोहित मरण पावले. भंगारातल्या रोहितचा पाय निखळला, तर वेल्डिंग करून बसवता येईल. खऱ्याचं तसं नाही. म्हणून रस्त्यावरचा लोखंडी पक्षी दिसला, की त्यातलं भंगार ओळखाच, पण खाडीतल्या पक्ष्याचीही आठवण ठेवा. शिल्प त्याचंच तर आहे!

आणि हो, या रविवारी घरच्या अडगळीतून दोनच वस्तू निवडा. त्या न कापता, न रंगवता जोडून एखादा प्राणी होतो का बघा. अट एकच : मूळ वस्तू ओळखू आल्या पाहिजेत. मात्र आईला विचारल्याशिवाय झारा-कालथा पळवायचा नाही बरं का!