देशसुरक्षेचा कायदा शिकायला दिल्लीच कशाला?

वकिलीच्या शिक्षणात इंटर्नशिप सक्तीची आहे. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे ती करावी लागते. विषय राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यांवरील संशोधन आणि लेखनाचा निघाला, की डोंबिवलीच्या मानपाड्यातला विद्यार्थीही थेट दिल्लीकडे डोळे लावतो. एखादी अभ्याससंस्था, एखादं मंत्रालय, इंग्रजीत एक शोधनिबंध आणि प्रमाणपत्र. दिल्लीत महिनाभर राहणं ज्याला परवडत नाही, तो घरबसल्या ऑनलाइन इंटर्नशिप करतो आणि दुसऱ्याच्या लेखाच्या तळटीपा नीटनेटक्या करून देतो.

वास्तविक हे कायदे त्याच्या दारावरून गेलेले आहेत. मे २०१४मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले आणि ते ‘इसिस’मध्ये सामील झाल्याच्या बातमीने खळबळ उडाली. त्यांतला एक नोव्हेंबरमध्ये परतला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) त्याला बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली (यूएपीए) अटक केली. फेब्रुवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम ठेवला, तो खटला वर्षानुवर्षं रेंगाळल्याच्या मुद्द्यावर. त्याने आपली बाजू स्वतःच मांडली होती. डिसेंबर २०२३मध्ये भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यात एनआयएचे छापे पडले. संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचं, म्हणजे मकोकाचं, विशेष न्यायालय ठाण्यातच आहे. एनआयएचं विशेष न्यायालय मुंबईच्या सत्र न्यायालयात बसतं. डोंबिवलीहून लोकल पकडली की सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं.

तिथे शिकण्यासारखं काय आहे? उदाहरणार्थ, मंजुरीचा कागद. यूएपीएचा खटला सरकारच्या मंजुरीशिवाय चालत नाही. तपासाचे पुरावे आधी स्वतंत्र प्राधिकरणाकडे जातात. त्याने कामकाजाच्या सात दिवसांत शिफारस करायची आणि पुढच्या सात दिवसांत सरकारने निर्णय घ्यायचा, असे २००८चे नियम सांगतात. ही मुदत बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं. मालेगावच्या २००८च्या स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ला सातही आरोपी निर्दोष सुटले, तेव्हा यूएपीएची मंजुरी सदोष असल्याचं विशेष न्यायालयाने नोंदवलं. पुरावे कधी पाठवले, शिफारस कधी आली, आदेश कुठल्या तारखेचा, न्यायालयाने दखल कधी घेतली, अशा चार रकान्यांचा तक्ता उपलब्ध निकालांवरून विद्यार्थ्याने भरायचा. बार कौन्सिल सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करू देत नाही. तेवढ्यात हे काम बसतं.

मराठीचा मुद्दाही इथेच येतो. पंचनामा, जबाब, स्टेशन डायरी, मुद्देमालाची यादी हे सगळं पोलीस ठाण्यात मराठीत लिहिलं जातं आणि वरच्या न्यायालयात इंग्रजी भाषांतरातून वाचलं जातं. अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. मूळ कागद वाचू शकणारा मराठी विद्यार्थी या कामात दिल्लीच्या शोधनिबंधवाल्यांच्या चार पावलं पुढे असतो.

‘या फायली गोपनीय असतात, पोरांच्या हाती कशा द्यायच्या?’ हा आक्षेप गैर नाही. संरक्षित साक्षीदारांची नावं, चालू तपासाचे कागद यांपासून विद्यार्थ्यांना लांबच ठेवलं पाहिजे. पण उघड कागदांतूनही केवढं काम होतं, हे अमेरिकेत दिसलं. न्यू जर्सीच्या सीटन हॉल विद्यापीठातले प्राध्यापक मार्क डेनबो आणि कायद्याचे विद्यार्थी यांनी २००६मध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातल्या ५१७ कैद्यांविषयी संरक्षण खात्यानेच दिलेली माहिती ओळीन् ओळ तपासली. सरकारच्याच वर्गवारीत ‘अल कायदा’चे लढवय्ये म्हणून नोंद झालेले फक्त ८ टक्के निघाले. ‘जगातले सर्वांत घातक लोक’ ही सरकारी भाषा सरकारी कागदांवरच टिकली नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५मध्ये विधानसभेने ते मंजूर केलं. असा मसुदा कलमवार सोप्या मराठीत मांडणं, जुन्या कायद्यांशी ताडून पाहणं आणि समितीपुढे टिपण ठेवणं हे कायदा महाविद्यालयांचंच काम आहे. टिपण विधेयकाच्या बाजूचं असो वा विरोधातलं, कलम नीट वाचलेलं असलं म्हणजे झालं.

यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळवून देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्यात आहे, अनुभवी फौजदारी वकील आहेत, महाविद्यालयं आहेत. या तिघांनी मिळून पुढच्या उन्हाळी सुट्टीपासून दहा विद्यार्थ्यांची एक तुकडी घ्यावी, तिच्यावर एक प्राध्यापक आणि एक वकील नेमावा आणि लोकलचा पास, झेरॉक्स, जेवणखाण यांपुरतं मानधन द्यावं. फुकट राबवायचं ठरवलं, तर मानपाड्याच्या चाळीतली मुलगी सुट्टीत कुठेतरी नोकरी धरेल आणि ज्यांच्या घरी आधीच वकील आहेत, तीच मुलं पुन्हा या कामाला येतील.