रमाईच्या बांगड्या आणि आपली कोनशिला

धारवाडच्या वसतिगृहाची गोष्ट आपण प्रत्येकाने जयंतीच्या भाषणात ऐकली आहे. बळवंतराव वराळे ते चालवत. अनुदानाला उशीर झाला, शिधा संपला, मुलं उपाशी राहिली. रमाईने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. वक्त्याचा गळा दाटतो, आपण डोळे पुसतो आणि घरी जातो. मला आता या गोष्टीत वेगळाच प्रश्न दिसतो. अनुदानाला उशीर होणारच, मग महिन्याचा शिधा बाजूला का नव्हता? तेव्हाच्या कंगाल समाजाला हे विचारणं निर्दयपणाचं होईल. आजच्या आपल्याला विचारायलाच हवं.

कारण उशीर संपलेला नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात वर्षाला 60,000 रुपये, त्यात निवासाचे 20,000. म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत. एवढ्यात पुण्यात काय मिळतं, ते खोली शोधणाऱ्याला विचारा. आणि हे पैसे वेळेवर आले असं सांगणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. घरमालक तोवर थांबत नाही (आडनाव ऐकून त्याने आधीच दार लावलं नसेल तर).

सरकारशी भांडायचंच. पण 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. बाबासाहेबांनी सरकारकडे मागितलंही आणि स्वतः चालवलंही. आपण त्यातलं मागणं तेवढं उचललं.

वसतिगृह बांधायला देणगी मिळते, कारण कोनशिलेवर नाव येतं. रेक्टरचा पगार, गॅस, तुंबलेला संडास यांना कोनशिला नसते. मी अशा एका वसतिगृहाच्या समितीवर तीन वर्षं होतो. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर आमच्या चार बैठका झाल्या, मेसच्या तांदळावर एकही नाही. दुसऱ्या वर्षी एक मुलगा तीन विषयांत नापास झाला. कॉलेज सोडून दिवसभर खाटेवर पडून असायचा. नियमाप्रमाणे नापासाची जागा जाते. आम्ही ठराव केला. त्यावर माझीही सही आहे. तो गावी गेला, परत आला नाही. छप्पर ज्याला सगळ्यात जास्त हवं होतं, त्याचंच आम्ही काढून घेतलं. रोहित वेमुलाला वसतिगृहाबाहेर काढलं म्हणून घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. सही करताना ते आठवलं नाही.

म्हणून आता माझा हट्ट आहे: सहा महिन्यांचा खर्च बँकेत जमल्याशिवाय वसतिगृहाचं दार उघडू नका. समितीत निम्म्या जागा तिथे राहणाऱ्या मुलामुलींना द्या, खर्चाचा कागद दर महिन्याला भिंतीवर लावा. नापास झालेल्याच्या खोलीत आधी कोणीतरी जाऊन बसा. नोटीस नंतर, आणि शक्यतो नकोच. मुलं समितीत आली तर शिस्त राहणार नाही, असं आमचे ज्येष्ठ म्हणतात. आम्हा शिस्तीच्या माणसांनी एक मुलगा घालवला, हे मी त्यांना प्रत्येक बैठकीत ऐकवतो.

यंदा 14 एप्रिलला तुमच्या वस्तीत डीजेवर किती खर्च झाला, तेवढा आकडा मंडळाकडून घ्या. त्याला एका मुलाच्या महिन्याच्या मेसबिलाने भागा आणि उत्तर मला कळवा.